जहाजावरील खोली आणि वयांत येणारीं मुलें

आगबोट म्हटली म्हणजे आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढें कोंकणची बोट उभी राहते. भाऊच्या धक्क्यावरून निघावें, डेकवर जेथें जागा मिळेल तेथें सतरंजी पसरावी, उशाशीं पिशवी व पायांशीं लहान भावंडें घ्यावीं, आणि रत्नागिरी किंवा मालवण येईपर्यंत वाऱ्यांत पडून राहावें, एवढाच त्या प्रवासाचा प्रपंच. वरच्या वर्गाच्या केबिनी असत. पण त्यांचीं दारें आम्हीं बाहेरूनच पाहिलेलीं. बंदर उथळ असलें म्हणजे बोट लांब उभी राही आणि पडावांतून उतरावें लागे. खोली कोणत्या मजल्यावर घ्यावी, वयांत आलेल्या मुलांस जवळ ठेवावें कीं वेगळें, असले प्रश्न त्या काळीं कोणाच्या स्वप्नांतही आले नसतील. आईच्या नजरेच्या टप्प्यांत सारी पोरें असत, आणि सर्वांवर आच्छादन एकच, तें म्हणजे आकाश.

आतां समुद्रप्रवास हा पोंचण्यासाठीं करावयाचा नसून राहण्यासाठीं करावयाचा झाला आहे. २०२१ सालापासून मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून ‘एम्प्रेस’ नांवाचें सहलीचें जहाज सुटूं लागलें आणि मध्यम स्थितीच्या मराठी कुटुंबांतही ‘क्रूझ’ हा शब्द सत्यनारायणाइतका सहज ऐकूं येऊं लागला. (हें जहाज मूळचें १९९० सालचें. फ्रान्समधील सें-नाझेर येथें तें बांधलें गेलें व त्याचें पहिलें नांव ‘नॉर्डिक एम्प्रेस’ असें होतें.) गेल्या हिंवाळ्यांत आम्ही घरचीं सहा माणसें मुंबईहून गोवें व लक्षद्वीप अशी सहल करून आलों. आम्ही उभयतां, चिरंजीव, सूनबाई, सोळा वर्षांची नात आणि तेरा वर्षांचा नातू. त्या निमित्तानें खोली या एका विषयाचा जो अभ्यास आम्हांस करावा लागला, तो येथें वाचकांपुढें ठेवीत आहों. ज्यांच्या घरांत बारा ते अठरा या वयाचीं मुलें आहेत त्यांस तो उपयोगीं पडेल.

प्रथम खोल्यांचे प्रकार. जहाजाच्या पोटांत, जिला खिडकी नाहीं ती आंतली खोली. जिला बंद कांच आहे ती खिडकीची. जिला स्वतःचा सज्जा आहे ती बाल्कनीची. आणि त्याहून वरच्या त्या श्रीमंतांच्या. जुन्या जहाजांवर बाल्कनीच्या खोल्या थोड्याच असत. १९८४ सालीं ‘रॉयल प्रिन्सेस’ नामक जहाज निघालें, त्यांत एकही खोली आंतली नव्हती, याचें त्या वेळीं फार कौतुक झालें. पुढें आंतल्या खोलीचा अंधार हलका करण्याच्या नाना युक्त्या निघाल्या. १९९९ च्या ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’ वर जहाजाच्या मधोमध एक पेठच वसविली आणि आंतल्या कांहीं खोल्यांच्या खिडक्या त्या पेठेकडे उघडल्या. २०११ च्या ‘डिस्ने ड्रीम’ वर आंतल्या खोलींत गोल पडदा बसविला व त्यावर बाहेरील कॅमेऱ्यानें टिपलेला समुद्र दिसूं लागला. म्हणजे खिडकी नाहीं, खिडकीचा आभास आहे; वेदान्त्यांस दृष्टांत म्हणून बरा.

खोलीचें क्षेत्रफळ ऐकून मात्र आमच्या मंडळींचे डोळे विस्फारले. सामान्य खोली शंभर-सव्वाशें चौरस फुटांपासून दोनशें चौरस फुटांपर्यंत असते. तेवढ्यांत दोन खाटा, एक कपाट, एक मेज आणि न्हाणीघर. तिसरें व चौथें माणूस घ्यावयाचें तर भिंतींतून किंवा छतांतून घडीची खाट खालीं येते, अथवा कोचाची शेज होते. आगगाडीच्या वरच्या बाकाची ज्यांस संवय आहे त्यांस हें अवघड नाहीं. परंतु आगगाडींत आपण एक रात्र काढतों, येथें चार-पांच काढावयाच्या असतात, आणि घडीची खाट उघडली म्हणजे चालावयास जागा उरत नाहीं.

खोली कोठें असावी, याविषयीं आम्हांस आधार सांपडला तो अनपेक्षित ठिकाणीं. भोजराजाच्या नांवावर ‘युक्तिकल्पतरु’ नांवाचा एक संस्कृत ग्रंथ आहे. त्यांत नौकांचे प्रकार सांगतांना, नौकेवरील मंदिर म्हणजे खोली कोठें आहे यावरून तीन भेद केले आहेत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खोल्या ती सर्वमंदिरा. ती राजाचा खजिना, घोडे व स्त्रिया यांच्या वाहतुकीसाठीं. पुढल्या अंगास, नाळेकडे खोल्या ती अग्रमंदिरा. ती दूरच्या प्रवासास व युद्धास, पर्जन्यकाळ संपल्यावर. आणि मध्यभागीं खोल्या ती मध्यमंदिरा. ती राजाच्या विहारास व पावसाळ्याच्या दिवसांस योग्य. विहारासाठीं आणि खवळलेल्या पाण्यासाठीं खोली मध्यें असावी, हें त्या ग्रंथकारानें जें लिहून ठेवलें तेंच आज प्रत्येक अनुभवी खलाशी सांगतो. कारण साधें आहे. जहाज लाटेवर वरखालीं होतें तेव्हां तें तराजूच्या दांडीप्रमाणें होतें. टोकांची पारडीं उठतात व बसतात, मधला कांटा जवळजवळ स्थिर. तसेंच तें डाव्या-उजव्या अंगास डोलतें तेव्हां माडाप्रमाणें डोलतें. बुंधा हलत नाहीं, शेंड्यावरचा माणूस मात्र झोके खातो. म्हणून ज्यांस समुद्र लागतो त्यांनीं मधली व शक्य तितक्या खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. आमच्या सौभाग्यवतींस घाटांतील मोटारीचेंही वळण सोसत नाहीं. त्यामुळें आमच्यापुरता या प्रश्नाचा निकाल तेथेंच लागला.

दुसरी गोष्ट आवाजाची. ती नकाशावरून कळते. प्रत्येक कंपनी आपल्या जहाजाचे मजलेवार नकाशे प्रसिद्ध करते. ते काढून घ्यावे व आपल्या खोलीच्या वर काय आहे आणि खालीं काय आहे हें बोट ठेवून पाहावें. वर पोहण्याचा तलाव असला तर पहांटे नोकर खुर्च्या ओढूं लागतात तो कर्कश आवाज थेट डोक्यावर. खालीं नाट्यगृह किंवा नाचाची जागा असली तर मध्यरात्रीपर्यंत ढोलाचे ठोके खाटेंतून अंगांत शिरतात. अगदीं नाळेपाशीं नांगराच्या साखळीचा खडखडाट, अगदीं पिछाडीस यंत्रांची थरथर. ज्या खोलीच्या वरही खोल्या आणि खालींही खोल्या, ती उत्तम. हा नियम आमच्या नातवानें पांच मिनिटांत आत्मसात केला आणि घरांतील सर्वांस शिकविला. एरवीं ज्याच्याकडून भूगोलाचा नकाशा भरून घेणें म्हणजे दिव्य असे, तो दोन तास जहाजाच्या नकाशांत डोकें घालून बसला होता.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. वयांत येणाऱ्या मुलांस आईबापांच्या खोलींत घ्यावें कीं निराळी खोली द्यावी?

लहान मुलांची गोष्ट निराळी. तीं आठ वाजतां झोंपतात व कोठेंही झोंपतात. तेरा ते अठरा हें वय मोठें विलक्षण. रात्रीं झोंप येत नाहीं, सकाळीं जाग येत नाहीं. न्हाणीघरांत शिरल्यावर बाहेर येण्याची शुद्ध राहत नाहीं. कपडे बदलावयास आडोसा लागतो, आणि तो मागावयाची लाजही वाटते. सुभाषितकारानें सोळाव्या वर्षाची एक मर्यादारेषा आंखून ठेवली आहे ती सर्वांस पाठ असते. परंतु ती अमलांत आणावयाची म्हणजे नक्की कोणत्या दिवशीं, कोणत्या खोलींत, हें सुभाषितांत लिहिलेलें नाहीं. घरांत तो प्रश्न लांबवितां येतो. जहाजाच्या दीडशें फुटांत तो पहिल्याच रात्रीं समोर उभा राहतो.

जहाजांवर हा प्रश्न नवा नाहीं, हेंही सांगून ठेवूं. १९१२ सालीं बुडालेल्या ‘टायटॅनिक’ वर तिसऱ्या वर्गाचे एकटे पुरुष नाळेकडे आणि एकट्या स्त्रिया व कुटुंबें पिछाडीस अशी व्यवस्था होती. म्हणजे कोणी कोठें निजावें याची चिंता तेव्हां कंपनीनेंच वाहिली होती. आज ती आईबापांस वाहावी लागते.

पैशाच्या दृष्टीनें पाहतां एकाच खोलींत चौघांनीं राहणें स्वस्त. जहाजावर भाडें खोलीचें नसून माणसाचें असतें, आणि तें दोन माणसें धरून ठरविलेलें असतें. पहिल्या दोघांस पूर्ण भाडें. तिसऱ्या-चौथ्यास बहुधा कमी. बंदराचे कर मात्र डोईप्रमाणें सर्वांस लागतात. एकटा मनुष्य खोली अडवूं लागला तर त्यास दुसऱ्या रिकाम्या खाटेचाही भार सोसावा लागतो. तेव्हां चौघांच्या दोन खोल्या केल्या कीं चारही भाडीं पूर्ण. परंतु येथें एक हिशेब पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. बाल्कनीच्या एका खोलींत चौघे, आणि आंतल्या दोन खोल्यांत दोघे-दोघे, या दोहोंची बेरीज बऱ्याचदां जवळजवळ येते. मग समुद्र पाहावयाचा तो डेकवर जाऊन पाहावा, कारण डेकवरचा समुद्र सर्वांस फुकट आहे. आणि दोन खोल्यांबरोबर दोन न्हाणीघरें मिळतात. सकाळीं बंदर आलें असतां, सारें जहाज उतरण्याच्या घाईंत असतां, आणि आंत नात केंस विंचरीत असतां, त्या दुसऱ्या न्हाणीघराचें मोल काय असतें तें अनुभवानेंच कळावें.

तिसरी-चौथी खाट रिकामी दिसते, मग देत कां नाहींत, असा तंटा पुष्कळ लोक करतात. त्याचें कारण खोलींत नसून बाहेर टांगलेल्या जीवरक्षक होड्यांत असतें. जहाजाच्या प्रत्येक भागांतील माणसें ठराविक होड्यांकडे नेमलेलीं असतात, आणि त्या भागाची संख्या भरली कीं खाट मोकळी असूनही तिची विक्री बंद होते. म्हणून मोठ्या कुटुंबानें आरक्षण लवकर करावें हें श्रेयस्कर.

दोन खोल्या घेण्याचें ठरलें म्हणजे नियम आडवा येतो. बहुतेक कंपन्यांस प्रत्येक खोलींत एक तरी प्रौढ मनुष्य लागतो. प्रौढत्वाचें वय कोणी १८ धरतें, कोणी २१. आईबाप लगतच्या किंवा समोरच्या खोलींत असतील तर मुलांस स्वतंत्र खोली देण्याची मोकळीक कांहीं कंपन्या ठेवतात, कांहीं ठेवीत नाहींत. कित्येक लोक कागदावर एका खोलींत आई व एक मूल, दुसरींत बाप व दुसरें मूल असें लिहितात, आणि जहाजावर गेल्यावर दुसरी किल्ली मागून घेऊन हवे तसे निजतात. हें चालतें, तरी आधीं विचारून घ्यावें.

शब्दांचीही येथें फसगत होते. ‘लगतची’ खोली म्हणजे शेजारची, दोहोंमध्यें भिंत. ‘जोडलेली’ खोली म्हणजे आंतून दार असलेली. हीं दोन निरनिराळीं आहेत, आणि आरक्षण करणारा मनुष्य घाईंत दोहोंस एकच शब्द वापरतो. मुलांसाठीं आंतून दार असलेलीच मागावी. उलट पलीकडे परका प्रवासी असेल तर तशी खोली घेऊं नये. कारण त्या दारांतून आवाज भिंतीपेक्षां कितीतरी अधिक येतो.

तिसरा एक धोका स्वस्ताईचा. कांहीं खोल्या ‘हमी’ च्या म्हणून विकतात. प्रकार तुमचा, खोलीचा क्रमांक कंपनीच्या मर्जीचा. एकट्यादुकट्यास हें लाभाचें; कधीं वरचा प्रकारही पदरांत पडतो. मुलांचा संसार बरोबर असतां हा जुगार खेळूं नये. आमच्या एका व्याह्यांनीं दुसऱ्याच एका देशांतून सुटणाऱ्या जहाजावर अशा दोन खोल्या घेतल्या. मध्यस्थानें “सगळ्या खोल्या सारख्याच हो, झोंपायला तर जायचं” असें सांगितलें. प्रत्यक्षांत एक खोली चौथ्या मजल्यावर नाळेकडे, दुसरी नवव्यावर पिछाडीस. त्यांच्या विहीणबाईंनीं पांच रात्री मुलांच्या खोलींत तिसऱ्या खाटेवर काढल्या आणि व्याही पांच रात्री एकटे. त्यांस विचारलें असतां, “झोंप उत्तम लागली” एवढेंच ते सांगतात.

आमच्या घरीं या प्रश्नावर तीन रविवार खल झाला. सूनबाईंचें म्हणणें, मुलें आमच्याच खोलींत राहोत. दिवसभर जहाजभर हिंडतील, रात्रीं तरी डोळ्यांसमोर हवींत. चिरंजिवांचें म्हणणें, बहीणभावांस मिळून एक खोली द्यावी. नातू म्हणे, “मी ताईबरोबर राहणार नाही, ती रात्रभर मोबाईल बघते.” नात कांहींच बोलली नाहीं. हल्लीं ती बोलत नसे. अकरावीस विज्ञान शाखा, सकाळीं शिकवणीचा वर्ग, दुपारीं महाविद्यालय, रात्रीं पुन्हां अभ्यास, आणि घरांत आली कीं दार बंद. शेवटीं तोडगा काढला तो आमच्या सौ. नीं. त्या म्हणाल्या, “मुलगी माझ्याजवळ राहील. मला वाऱ्याला खिडकी नको, पण बघायला हवी. तुम्ही नातवाला घ्या.” त्याप्रमाणें मधल्या भागांत तीन खोल्या घेतल्या. आजी व नात खिडकीच्या खोलींत. तिला आंतून जोडलेल्या शेजारच्या खोलींत चिरंजीव व सूनबाई. आणि समोर, जहाजाच्या पोटांत, आम्ही व नातू. प्रत्येक खोलींत प्रौढ मनुष्य असल्यामुळें नियमाचाही बोलावा उरला नाहीं.

आंतल्या खोलीविषयीं एक सांगूं. दिवा मालवला कीं तेथें असा अंधार होतो कीं डोळे उघडे आहेत कीं मिटलेले हें कळत नाहीं. तेरा वर्षांच्या मुलास तो स्वर्ग. नातू दहा वाजेपर्यंत हलला नाहीं. आम्ही पन्नास वर्षांच्या संवयीनें साडेचारास उठलों, चांचपडत पादत्राणें शोधलीं आणि डेकवर जाऊन बसलों. उजाडेपर्यंत तेथें आम्ही, एक झाडूवाला आणि अरबी समुद्र.

बाल्कनी आम्हीं घेतली नाहीं, याचें कारण केवळ पैसा नव्हे. अमेरिकेनें २०१० सालीं कायदा करून आपल्या बंदरांतून जाणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजांच्या कठड्याची उंची निदान ४२ इंच ठरवून दिली. म्हणजे साधारण माणसाच्या कमरेच्या वर. उभ्या माणसास तेवढा कठडा पुरे. परंतु खुर्चीवर चढून छायाचित्र काढणाऱ्या तेरा वर्षांच्या वीरास कोणताच कठडा पुरत नाहीं. ज्यांचीं मुलें समंजस आहेत त्यांनीं खुशाल घ्यावी. बाल्कनींत बसून सकाळचा चहा घेण्यासारखें सुख थोडें. मात्र खोलीचें दार व बाल्कनीचें दार एकाच वेळीं उघडूं नये. वाऱ्यानें दार असें आपटतें कीं बोट सांपडलें तर संपलेंच.

ज्या गोष्टीकडे मौजेच्या भरांत दुर्लक्ष होतें ती आतां सांगतों. १३ जानेवारी २०१२ रोजीं इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हें जहाज खडकावर आदळून कलंडलें. ३२ माणसें दगावलीं. त्याच दिवशीं चढलेल्या शेंकडों प्रवाशांची संकटाची कवाईत तोंवर झालीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला, आणि २०१५ पासून ही कवाईत जहाज सुटण्यापूर्वीं किंवा सुटतांच घ्यावी लागते. संकटाच्या घंटेनंतर कोठें जमावयाचें तें स्थान तुमच्या खोलीवरून ठरतें. खोल्या दूरदूर असतील तर मुलांचें स्थान एक आणि आईबापांचें दुसरें, असें होऊं शकतें. आमच्या तिन्ही खोल्यांचें स्थान एकच आहे, हें आम्हीं कार्डावर वाचून पाहिलें. आणि मुलांस बजावलें कीं घंटा झाली त्या वेळीं तुम्ही खेळाच्या खोलींत असा, जेवणघरांत असा, आम्हांस शोधीत खोलीकडे येऊं नका. तडक जमण्याच्या जागीं जा, आम्हीही तेथेंच येऊं. सूनबाईंस हें पटावयास वेळ लागला. संकटांत मूल आईकडे धांवूं नये असें सांगणें कोणत्याही आईस जड जाणारच. परंतु अरुंद वाटेंत उलट्या दिशेनें धांवणारीं माणसें हाच तेथें मोठा धोका असतो.

रात्रीं किती वाजेपर्यंत बाहेर राहावें, हाही खोलीशीं जडलेलाच प्रश्न. परदेशी कंपन्यांच्या कांहीं जहाजांवर मध्यरात्रीनंतर एक वाजला कीं अल्पवयीन मुलांनीं एकटें हिंडूं नये असा नियम आहे. आम्हीं घरचा नियम साडेअकराचा केला. खोल्यांच्या भिंतींत पोलाद असल्यामुळें मोबाईलचा भरंवसा धरूं नये. दारावर लोहचुंबकानें कागद लावून “जेवणघरांत आहें”, “वर आहें” असें लिहून ठेवण्याची जुनी रीतच कामास आली. (पोलादी भिंतीवर लोहचुंबकाचे आंकडे लावले तर ओले कपडेही टांगतां येतात. घरून सहा न्यावे.)

दुसऱ्या रात्रीं नात साडेअकरास परत आली. सौ. जाग्याच होत्या. खिडकीबाहेर कांहीं दिसत नव्हतें, पण दोघी तेथें बसल्या. पुढें जें झालें तें आम्हांस सौ. नीं नंतर सांगितलें. नात म्हणाली, “आजी, मला त्या वर्गात बसवत नाही. जूनपासून बसवत नाही.” गणित येत नाहीं असें नव्हे, परंतु आपण जेथें बसलों आहों तेथें आपलें काम नाहीं असें तिला प्रत्येक सकाळीं वाटे, आणि दोन वर्षांची फी आगाऊ भरलेली असल्यामुळें तें तोंडांतून काढण्याचें धैर्य होत नसे. तिला कला शाखेकडे जाऊन भूगोल शिकावयाचा होता. सौ. नीं उपदेश केला नाहीं, त्या म्हणाल्या, “बरं, आणखी सांग.” एक वाजेपर्यंत ती सांगत होती.

आंतल्या दारांतून आवाज येतो, हें आम्ही वर लिहिलेंच आहे. पलीकडे सूनबाई जाग्या होत्या. त्यांनीं दार उघडलें नाहीं, खोंकल्याही नाहींत. दुसऱ्या दिवशीं अगत्ती बेटावर उतरावयाचें होतें. तेथें मोठें जहाज धक्क्यास लागत नाहीं. लहान होड्यांतून जावें लागतें, आमच्या लहानपणच्या पडावांसारखें. त्या होडींत सूनबाई मुलीशेजारीं जाऊन बसल्या व तिचा हात मांडीवर घेऊन राहिल्या. नातीनें हात काढून घेतला नाहीं. परतल्यावर तीं तिघें, म्हणजे आईबाप व मुलगी, मधलें दार उघडें टाकून दोन्ही खोल्यांत मिळून बसलीं आणि दुपारचें जेवण चुकवून बाहेर आलीं. वर्षाची परीक्षा द्यावी व मग शाखा बदलावी, असें ठरलें. भरलेले पैसे परत मिळणार नव्हते. चिरंजीव त्याविषयीं एकदांच बोलले, आणि तेंही आमच्यापाशीं.

राहतां राहिली बाजू, डावी कीं उजवी. इंग्रजींतील ‘पॉश’ हा शब्द विलायतेहून हिंदुस्थानास येतांना डावी खोली व परततांना उजवी घेण्याच्या श्रीमंती रीतीवरून पडला, अशी आख्यायिका सर्वत्र सांगतात. सावलीचें अंग तेंच, हें खरें, पण शब्दाच्या व्युत्पत्तीस कोशकारांस कांहीं पुरावा मिळालेला नाहीं. मुंबईहून दक्षिणेस जातांना डाव्या अंगास किनारा व सूर्योदय, उजव्या अंगास उघडा समुद्र व सूर्यास्त, परततांना उलट. बंदरांतून निघतांना मात्र कुलाब्याचें टोंक उजवीकडे राहतें आणि खांदेरी-उंदेरी डावीकडे. खोलीच्या खिडकींतून दोहोंपैकीं एकच दिसणार. तेव्हां जहाज सुटतें वेळीं सर्वांनीं डेकवरच असावें. दुपारच्या उन्हाचा ताप ज्यांस सोसत नाहीं त्यांनीं जातांना उजवें अंग टाळावें. पावसाळ्यांत हा विचारच नको, कारण त्या दिवसांत अरबी समुद्र सहलीच्या कामाचा राहत नाहीं. २०२३ च्या जूनमध्यें ‘एम्प्रेस’ जहाज चेन्नईहून श्रीलंकेच्या फेऱ्या करीत होतें तें त्यामुळेंच.

पुढील हिंवाळ्यांत पुन्हां जावें असा बेत घरांत चालला आहे. या खेपेस नातीनें खोल्या स्वतः निवडल्या आणि तिघांचे क्रमांक आम्हांस कळविले. मधला भाग, खालचा मजला, आंतून दार. आम्हीं नकाशा काढून वरचा मजला तपासला. वर खोल्याच आहेत.